मेढ्याच्या माळावरची गादी

आमच्या ह्यांना उघड्यावर झोपायचं वेड. लग्न होऊन मी सांगलीत आले आणि पहिल्याच हिवाळ्यात कळलं, की हा माणूस दर डिसेंबरात चार दिवस घर सोडतो आणि दोन मित्रांना घेऊन डोंगरावर जमिनीवर झोपायला जातो. देवदर्शन नाही, लग्नकार्य नाही, सरकारी कामही नाही. नुसतं झोपायला! मी सासूबाईंना विचारलं, हे काय म्हणे? त्या म्हणाल्या, त्याचं असंच आहे, तू मनावर घेऊ नकोस. मी घेतलं. पुढची पस्तीसेक वर्षं दर डिसेंबरात आमच्या घरात एक भांडण ठरलेलं असायचं, आणि ते मीच उकरून काढायचे हे आता कबूल करायला हरकत नाही.

मित्र दोघेच, सांगलीत कॉलेजच्या वसतिगृहात असल्यापासूनचे. एक विट्याचा. त्यानं सगळी उमर तिकडे दक्षिणेत सोनं गाळायच्या दुकानात काढली, पण डिसेंबरात कुठूनही रेल्वेनं हजर व्हायचा. दुसरा मेढ्याचा, शेतकरी. त्याच्या भातखाचरांच्या वर एक माळ आहे, तोच ह्यांचा मुक्काम. तिघं तिथं तंबू ठोकायचे, घोंगडं अंथरायचे आणि झोपायचे. परत आले की हे आठवडाभर खुशीत. माझं टाळकं त्यानं अजूनच फिरायचं. घरात इतकी चांगली गादी घातलेली असताना ह्यांना दगडावर झोप लागते म्हणजे काय?

मग ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, कुठंही जा, फक्त कडक जमिनीवर झोपू नका, खाली चांगलं जाड काहीतरी घ्या. म्हणजे जायला मोकळीक होती. पण त्या डिसेंबरात हे गेले नाहीत. म्हणाले, थंडी फार आहे यंदा. पुढच्या डिसेंबरात म्हणाले, पाठ. मेढ्याचा फोन आला की आंघोळीला गेलोय म्हणून सांग म्हणायचे. दिवसातून तीनदा आंघोळ करणारा माणूस आमच्या सगळ्या विश्रामबागेत नसेल.

शेवटी विट्याच्या भावजींनी मलाच फोन केला. म्हणाले, "वहिनी, आमचं काय चुकलं काय? दोन वर्सं झाली, गडी नीट बोलंना." मी काहीतरी सांगून फोन ठेवला. ज्या मुक्कामावरून मी जन्मभर तोंड सोडलं, तो बंद झाला तर मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. डिसेंबर उजाडला की हे गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि समोरच्या अपार्टमेंटच्या भिंतीकडे बघायचे. मला ते बघवायचं नाही. इतकी वर्षं मी ज्याच्यावर चिडत होते, तेच ह्यांच्यातलं मला सगळ्यात आवडत होतं की काय, अशी शंका तेव्हा पहिल्यांदा आली.

तर मी ठरवलं. अडचण पाठीची आहे ना? मग ह्यांना माळावर झोपता येईल अशी गादी मी शोधणार. मी अठ्ठावीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं आहे. कापड, कापूस, अस्तर, टीप यांतलं मला कळतं. गादी म्हणजे काय मोठं?

पहिल्यांदा योगासनाची चटई आणली. ती मी हॉलच्या फरशीवर टाकली आणि ह्यांना म्हटलं, झोपून बघा. हे म्हणाले, "तूच बघ आधी. तुझं वजन काय आणि माझं काय, सारखंच." आता हे बोलायची काही गरज होती का? पण मी झोपले. दहा मिनिटांत कंबर धरली. चटई बाद. मग बाजारातून फोमची घडीची गादी आणली. तीही मीच झोपून बघितली. मऊ होती, पण मधोमध खड्डा पडायचा आणि माणूस त्यात जाऊन बसायचा. बाद. ह्यांनी ती फक्त पलंगावर टाकून बघितली आणि चांगली आहे म्हणाले. पलंगावरच्या गादीवर गादी टाकल्यावर कुठलीही चांगलीच वाटणार, एवढं माझ्या सातवीच्या मुलींनाही कळलं असतं.

मुलगा बेंगळुरूला असतो. त्याला सांगितलं तर त्यानं थेट घरी पार्सल पाठवून दिलं. ट्रेकिंगवाले लोक वापरतात ती हवेची गादी. पिशवीतून काढली तर भोपळ्याएवढी, फुगवली तर माणसाएवढी. वजनाला काहीच नाही. दुपारी मी ती गच्चीवर उन्हात टाकली आणि आडवी झाले. काय सांगू! पाठीला कुठं काही टोचत नव्हतं, खालची फरशी लागत नव्हती, आणि खालून ऊबही येत होती. मला तिथंच डुलकी लागायची. म्हटलं, झालं, हीच घ्यायची. मग कुशीवर वळले आणि सवयीनं शिवणीकडे बघितलं, तर शिवणीला एक चिठ्ठी लावलेली. चष्मा लावून वाचली. आत बदकाची पिसं भरलेली होती.

मी ताडकन उठले. आम्ही जैन. घरात कांदा-लसूण येत नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही, आणि मी बदकाच्या पिसांवर पाय पसरून डुलक्या घेत होते. खाली येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, आपल्या मुनीमहाराजांकडे मोरपिसांची पिंछी असतेच की. मी म्हटलं, ती पिसं मोरानं आपली आपण टाकलेली असतात, कुणी उपटून घेत नाही.  मग मी कंपनीलाच फोन लावला आणि तिथल्या मुलीला विचारलं, बाई, ही पिसं पडलेली आहेत का उपटलेली? ती म्हणाली, मॅडम, होल्डवर ठेवते. पंधरा मिनिटं मी गाणं ऐकलं. नंतर तिनं सांगितलं की पिसं पूर्ण स्वच्छ केलेली असतात. मी म्हटलं, बदकाला त्याचं काय? पार्सल परत गेलं. मुलगा फोनवर नुसता हसत होता.

तेव्हा मला सुचलं, की आपण उगाच गावभर फिरतोय. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या ज्यांनी भरल्या ते चाचा अजून दुकानात बसतात. त्यांचे वडील माझ्या सासऱ्यांच्या काळात दारावर येऊन कापूस पिंजून द्यायचे. आता चाचांकडे पिंजायचं यंत्र आहे, पण भरायचं काम हातानंच. त्यांना मी सगळं सांगितलं, पाठ, ऑपरेशन, माळ, दव. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, साहेबांना घेऊन या. मी म्हटलं, माप मी देते की. ते म्हणाले, माप लांबी-रुंदीचं न्हवं, माणसाचं घ्यावं लागतं.

ह्यांना दुकानात न्यायला मला चार दिवस लागले. आज काय तर बँक, उद्या काय तर डोकं दुखतंय. शेवटी मी म्हटलं, तुम्ही येणार नसाल तर चाचांना घरी बोलावते. तेव्हा आले. चाचांनी दुकानाच्या मागच्या बाजूला स्वच्छ चादर अंथरली आणि ह्यांना तिच्यावर झोपायला सांगितलं. एकदा उताणं, एकदा कुशीवर. कमरेखालून हात घालून बघितला, मानेखालून बघितला, खांद्याखाली किती दबतंय ते बघितलं. पेन नाही, कागद नाही, सगळं डोक्यात. मी तोवर पुढं कापडाचे ठाण उलगडून बघत होते. पट्ट्यांचं जाड कापड घ्यावं का साधं, या विचारात होते. हे उठले कधी, कपडे झटकले कधी, माझं लक्षही नव्हतं. हे गाडी आणायला बाहेर गेले.

चाचा माझ्याजवळ आले. कापडाचा काठ बोटांत धरून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाभी, गादीचं काय न्हाई. गादी मी झक्कास करतो. साहेबांना झोपायला होतंय. उठायला होत न्हाई."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. ह्यांना उठायला बराच वेळ लागला. एकदा गुडघ्यावर आले आणि परत बसले. दुसऱ्यांदा कापूस तोलायच्या काट्याचा लोखंडी खांब धरून कसेबसे उभे राहिले. चाचा हात द्यायला पुढं होणार होते, पण ह्यांचा चेहरा बघून त्यांनी पाठ फिरवली आणि सुई शोधायला लागले. त्या दुकानात सुया समोरच टोचून ठेवलेल्या असतात.

मी तिथंच कापसाच्या गाठोड्यावर बसले. घरी पलंग उंच, संडास कमोडचा, जेवण टेबलावर, देवपूजाही खुर्चीवर बसून. दोन वर्षांत हे जमिनीवर बसलेले मी बघितलेच नव्हते, आणि ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अडचण पाठीची नव्हतीच. गुडघे गेले होते. हे माळावर मजेत झोपले असते, पण सकाळी दोन मित्रांच्या समोर रांगत उठायची ह्यांना लाज वाटत होती. म्हणून थंडी, म्हणून पाठ, म्हणून तीनतीनदा आंघोळ. आणि मी शहाणी मऊ काय आणि जाड काय बघत बसले होते. मला इतकं रडू आलं की चाचांनी परत एकदा सुई शोधायला घेतली.

मग आम्ही दोघांनी गादी नव्यानं ठरवली. चाचा म्हणाले, मऊ नको, मऊ गादीत हात रुततो. चांगली वीतभर उंच भरू, घट्ट भरू, कडेला नारळाचा काथ्या घालू, म्हणजे हाताला जोर मिळतो. तीन घड्यांची करू, गाडीत मावेल. खाली दवासाठी रेग्झिन लावू. मी म्हटलं, टीप मी घालणार. त्यांनी हसून मान डोलावली. माझी टीप त्यांना पसंत पडली की नाही ते बोलले नाहीत.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. मला कळलंय हे ह्यांना सांगायचं की नाही? माझ्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. पण ह्यांनी ज्यासाठी दोन वर्षं मित्र सोडले, ते मी जेवताना भाजी वाढत कसं बोलून टाकायचं? मी गप्प राहिले. सहा दिवस. हे मला म्हणाले, तुला बरं नाही का?

गादी आली. हे म्हणाले, "हे काय, सिंहासन?" मी म्हटलं, चाचांचं माप आहे, त्यांना विचारा. आणि त्याच दमात सांगून टाकलं की मेढ्याला फोन केलाय, येत्या शनिवारी जायचं आहे, आणि मीही येणार आहे. हे माझ्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत एकदाही मी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. ह्यांना नाही म्हणता येईना. हो म्हणायची तर भीतीच वाटत होती, ती मला तेवढी आता दिसत होती.

आम्ही सांगलीहून निघालो, सातारा मागं टाकून मेढ्याला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दोघेही मित्र रस्त्यावर येऊन उभे.  विट्याच्या भावजींनी ह्यांच्या पाठीवर एक थाप मारली आणि लगेच म्हणाले, आरं, पाठीवर मारली की, लागलं काय? हे हसले. दोन वर्षांत तसं हसले नव्हते.

मी आल्या आल्या साडेपाचला जेवण वाढलं. मेढ्याचे भावजी म्हणाले, वहिनी, आत्ताशी कुठं बैलं परत आली. मी म्हटलं, बैलांबरोबर जेवा. मुकाट्यानं जेवले. मग आमचा तंबू लागला. गादी टाकायच्या आधी मी पिशवीतून जुन्या मऊ धोतराचा तुकडा काढला आणि जागा हळू झाडून घेतली, मुंग्या-किडे दबून मरू नयेत म्हणून. मनात म्हटलं, हे दोघे आता हसणार. विट्याचे भावजी म्हणाले, "ह्याच्याकडनं शिकलाय व्हय? हा बी दर खेपेला असंच करतो. आमी पाय पसरायची वाट बघत ताटकळत बसायचो." मला वाटायचं, हे घर सोडलं की सगळं नेमधर्म सोडून देत असतील. तेही माझ्या भांडणातलं एक कलम होतं. ह्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

त्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. मी घोंगड्यावर झोपले आणि मला झोप लागली. घोंगड्यावर लागली, हे खास नमूद करते, कारण त्याच्यावरून मी किती वर्षं बोलले होते.

सकाळी धुकं होतं. दिवस वर आल्याशिवाय मी चहा घेत नाही, त्यामुळे मी तंबूच्या तोंडाशी शाल गुंडाळून सूर्याची वाट बघत बसले होते. बाहेर चुलीवर चहा उकळत होता. हे जागे होते, मला श्वासावरून कळतं. पण डोळे मिटून पडले होते. बाहेरून हाक आली, चहा झाला, उठा. हे म्हणाले, पडतो जरा, मस्त वाटतंय. दहा मिनिटांनी परत हाक. परत, पडतो जरा. मी मागं वळून बघितलं. ह्यांचा एक हात गादीच्या कडेवर रोवलेला, गुडघा अर्धा दुमडलेला, कपाळावर त्या थंडीत घाम. मी हात पुढं केला तर ह्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. मी बाहेर जावं असं त्यांना वाटत होतं. सगळे तिकडे खाचराकडे निघून जावेत आणि मग एकट्यानं रांगत, तंबूचा बांबू धरत उठावं, असं त्यांनी ठरवलं असणार.

मला एकच सुचलं. मी त्यांच्या शेजारी घोंगड्यावर परत आडवी झाले आणि मोठ्यानं ओरडले, "अहो भावजी, या हो इकडं! माझ्याच्यानं उठवत नाही. कंबर धरलीय. हे तरी कसे उठवणार मला एकटे, दोघं या." म्हटलं, चार हात आत आले की त्या गडबडीत ह्यांनाही उभं करता येईल. बोभाटा माझा होईल. माझा झाला तर झाला.

दोघे धावत आले. विट्याचे भावजी चहाचा कप तसाच हातात घेऊन आले. मी हात वर केला. हे माझ्याकडे बघत होते.  मला काय माहीत आहे आणि कधीपासून माहीत आहे, हे सगळं त्यांना तेवढ्यात समजलं असावं. मग ते मित्रांकडे वळले.

"तिला उठता येतंय," हे म्हणाले. "मला येत नाही. दोन वर्षं झाली. मला हात द्या."

 मेढ्याचे भावजी आत वाकले आणि एका बाजूनं ह्यांच्या काखेत हात घातला. मी उठले आणि दुसऱ्या बाजूनं धरलं. विट्याच्या भावजींनी कप खाली ठेवला, ह्यांच्यासमोर उकिडवे बसले, दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "येड्या, एवढ्यासाठी व्हय रं?"  गुडघे कडकड वाजले, तोल एकदा माझ्या अंगावर आला, आणि हे उभे राहिले.

आमच्या पिढीत चारचौघांत नवरा बायकोचा हात धरत नाही. ह्यांनी लग्नातल्या कन्यादानानंतर लोकांसमोर कधी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. त्या सकाळी उभे राहिल्यावर मित्रांचे हात सुटले, पण माझा त्यांनी हातात घेतला तो सोडला नाही. धुक्यातून चुलीपर्यंत चालत गेलो, दगडावर बसलो. त्यांनी चहा डाव्या हातानं घेतला. सूर्य वर आल्यावर मीही माझा एकाच हातानं घेतला, दुसरा अजून त्यांच्या हातात होता. समोर दोघे मित्र बसले होते, आणि बघितलं तरी त्यांनी काही चिडवलं नाही.